वाढवा तो दिवा

“वाढवा तो दिवा, वाढवा लवकर,” प्राण्यांचा राखणदार दिवाभीत पिंजऱ्याच्या आतून कुजबुजला, आणि जाळीच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी दिवा वाढवला.

भिंतीवर एक गोल बटण होतं. बाईंनी ते उजवीकडे जाईल तितकं फिरवलं. ज्या खोलीत भर दुपारीसुद्धा मिणमिणत्या तांबड्या उजेडाखेरीज काही शिरत नसे, तिथे ऑपरेशनच्या टेबलावर पडतो तसा पांढराफेक प्रकाश पडला.

“अहो, वाढवा म्हणतोय ना.”

“पूर्ण वाढवलाय, काका. आणखी वाढत नाही.”

“बंद,” दिवाभीत म्हणाला. “बंद करा.”

दिव्याच्या बाबतीत हा शब्द त्याने जन्मात पहिल्यांदा उच्चारला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पिल्लू पोटाशी घेऊन वरच्या फांदीवर बसलेल्या टकमकने डोळे दिपताच आंधळी उडी मारली. समोरच्या काचेवर ठप्प असा आवाज झाला. त्याच्या मागोमाग खाली पाल्यात दुसरा आवाज झाला, त्याहून लहान.

मग अंधार पुन्हा आपल्या जागेवर आला. दिवाभीत एक पाय उचललेला होता तसाच थांबला. तो पाय खाली कुठे टेकवायचा, हा प्रश्न होता.

दिवाभीताच्या आईचं छोटं दुकान होतं आणि मनात ठाम मतं होती. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. घरातून निघताना ‘जातो’ म्हणणाऱ्याला ती दारातून परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावायची. थोडक्यात, जे संपतं ते आपल्या भाषेत वाढतं आणि जो जातो तो येतो. ज्यांच्या घरी असं बोलतात त्यांना यात काही खटकत नाही. ज्यांच्या घरी असं बोलत नाहीत, त्यांच्या हाताशी बटण असू नये इतकंच. डॉक्टरीणबाई वसतिगृहात वाढल्या होत्या. त्यांचं मराठी स्वच्छ होतं, धुतलेल्या काचेच्या नळीसारखं, आणि त्यात आजी नावाचा पदार्थ कधी पडला नव्हता.

“काका, पिल्लू?”

“पडलं.”

“कुठे?”

“ते कळलं असतं तर पाय खाली ठेवला असता.”

त्याने गुडघा तसाच वर ठेवून कंबरेत वाकत उजवा हात पाल्यात घातला. एकेक पान बाजूला सारायचं, खाली बोटांनी चाचपायचं, मग पुढचं पान. या वयात एका पायावर उभं राहून जमीन चाचपणाऱ्या माणसाला बाहेरच्या जगात लोकांनी हटकलं असतं. इथे फक्त बाईंचा श्वास ऐकू येत होता, आणि तोही त्यांनी मध्येच धरला. बुटाच्या खालीच, जिथे पाय पडला असता नेमका तिथे, त्याच्या बोटांना काहीतरी मऊ आणि गार लागलं. आणि त्या गार वस्तूने त्याचा अंगठा धरला.

या इमारतीचं नाव रात्रघर. प्राणिसंग्रहालयातले जे प्राणी रात्री जागे असतात ते लोकांना दिवसा दिसावेत म्हणून इथे दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस केलेला होता. प्राण्यांनी हे मान्य केलं. माणसांपैकी मान्य करणारा एकच निघाला, त्याला दिवाभीत, म्हणजे घुबड, हे नाव पडलं आणि खरं नाव पगाराच्या पाकिटापुरतं उरलं. वर्षानुवर्षं अंधारात राहून त्याचा आवाज कुजबुजीपर्यंत आणि चाल सावलीपर्यंत येऊन पोचली होती. बायको म्हणायची, भूत परवडलं, निदान त्याचे पाय तरी वाजतात. लग्न होऊन दूर गेलेली मुलगी फोनवर मधूनमधून विचारायची, “बाबा, आहात ना?” कर्मचाऱ्यांच्या बैठकीत तो दोनदा बोलला होता, आणि दोन्ही वेळा ‘कोणाला काही म्हणायचं आहे का’ असं पुन्हा विचारण्यात आलं होतं.

टकमक ही टार्सियर जातीची. दाट जंगलात राहणारं, माणसाच्या दूरच्या नात्यातलं, मुठीत मावेल एवढं जनावर. वजन एका बऱ्यापैकी कांद्याइतकं. त्यात डोळ्यांचा वाटा इतका, की एकेक डोळा मेंदूहून मोठा. हे वाक्य काचेबाहेरच्या पाटीवर होतं आणि ते वाचून प्रत्येक नवरा आपल्या बायकोकडे किंवा बायको नवऱ्याकडे बघून हसत असे. डोळे इतके मोठे की ते खोबणीत हलतच नाहीत. बाजूला बघायचं तर अख्खी मान फिरवायची, ती मात्र पार पाठीमागे वळते. कान वटवाघळासारखे पातळ आणि सतत कामात. बोटांच्या टोकांना चिकट वाटाव्या अशा गाद्या. शेपटी उंदराची, टोकाला झुबका. घोट्याची हाडं एवढी लांब, की बसल्या जागेवरून स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट लांब उडी मारते आणि हवेतच वळून पुढच्या खोडाला उभी चिकटते. खाणं फक्त जिवंत. मेलेला किडा तिच्यापुढे ठेवला तर ती देणाऱ्याकडे टकमक बघत राहते. नाव त्यावरूनच पडलं होतं.

आणि पिल्लू. पन्नास किलोच्या बाईला बारा-तेरा किलोचं मूल व्हावं, असा हा प्रकार. केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतं आणि पहिल्या क्षणापासून जे मिळेल ते घट्ट पकडतं. टकमकची आधीची दोन जगली नव्हती. हे तिसरं आलं, दूध प्यायला लागलं, आणि संग्रहालयाच्या साहेबांनी दुपारी देणगीदार आणि वर्तमानपत्रवाले बोलावले. पिल्लू पोटाशी नीट लागलंय ना, एवढं पाहायला बाई आणि दिवाभीत पाहुण्यांच्या जरा आधी आले होते. बाईंनी बारीक दिवा लावला, टकमक अस्वस्थ झाली, आणि दिवाभीत म्हणाला ते म्हणाला.

“गार पडलंय,” तो आता पाय टेकवत म्हणाला. “पण धरून आहे.”

बाई जाळीला अगदी चिकटल्या. त्यांनी जे सांगितलं ते न सजवता सांगितलं. बाटलीने वाढवलेलं टार्सियरचं पिल्लू जगल्याचं त्यांनी फारसं कुठे वाचलेलं नव्हतं. त्याला आईनेच परत घ्यायला हवं, आणि लवकर. ऊब गेली की पकड जाईल, आणि पकड गेली की आई घ्यायला आली तरी उपयोग नाही.

“फांदीवर ठेवा त्याला.”

दिवाभीताने ठेवून पाहिलं. लाकडावरून इवली बोटं सुटत होती. अंगठ्यावरून सुटत नव्हती.

“फांदीला धरत नाही. मला धरतंय.”

“मग तुम्हीच फांदी व्हा, काका.”

त्याने खांद्याच्या रेषेत हात समोर लांबवला, पंजा उलथा केला आणि अंगठ्याला बिलगलेलं पिल्लू वर, टकमकला दिसेल असं धरलं. टकमक वरच्या कोपऱ्यात छताला चिकटून होती. तिने मान वळवली. दोन्ही डोळे त्याच्यावर आले आणि तिचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“जांभया देतेय,” दिवाभीत म्हणाला. “दमली असेल.”

“जांभई नाही ती. ओरडतेय. इतक्या वरच्या पट्टीत की आपल्या कानांना पोचत नाही.”

 दिवाभीताने कित्येक वर्षं काचेपुढच्या लोकांना सांगितलं होतं, बघा, बाईसाहेबांना झोप आली. कधीकधी तिच्याबरोबर स्वतःही जांभई दिली होती. आता त्याच्या अंगठ्यावर दोन डोळ्यांखालचं टाचणीएवढं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. त्या खोलीत दोन जीव एकमेकांना हाका मारत होते, आणि तिथे इतकी शांतता होती की दिवाभीताला स्वतःच्या मनगटातली नाडी ऐकू येत होती.

आई येईना. हात लांबवून उभं राहणं सुरुवातीला वाटतं तितकं सोपं नसतं. आधी खांदा बोलायला लागतो, मग कोपर, मग मानेतली एक शीर जिची आजवर ओळखही नसते. दिवाभीत पापण्याही जपून लववत होता.

मागच्या बोळात बूट वाजले. साहेबांच्या बुटांना चालताना करकरण्याची सवय होती आणि ते आले हे इमारतीला त्यांच्याआधी कळायचं. हातातल्या मोबाइलची बॅटरी लावलेली होती. बाईंनी धावत जाऊन आधी ती तळव्याने झाकली. पुढचं सगळं बोळाच्या टोकाला, दबल्या आवाजात झालं. साहेबांनी विचारलं की पाहुणे फाटकात आलेत आणि इथे हे काय चाललंय. बाईंनी सांगितलं. साहेबांनी विचारलं, मोठा दिवा लावला कोणी.

“मी,” बाई म्हणाल्या.

“कोणाला विचारून?”

“काकांनीच सांगितलं. वाढवा म्हणाले, मी वाढवला.”

 अंधारात माणसाचा हुद्दा नीट दिसत नाही, त्यामुळे साहेबांचा चेहराही दिसला नाही.

“अहो बाई,” ते म्हणाले, “वाढवा म्हणजे बंद करा.”

“कळलं मला. आत्ता कळलं.”

“माझी आजी म्हणायची.” चौकशीची सुरुवात म्हणून हे वाक्य फारसं कामाचं नव्हतं, आणि साहेबांनाही ते जाणवलं असावं. त्यांनी बाईंना बरंच काही सुनवायचं ठरवलं होतं, ते तिथेच राहिलं. त्यांनी वाकून बूट काढले, ते काखेत मारले आणि नुसत्या मोज्यांवर जाळीपर्यंत आले. आत त्यांचा एक कर्मचारी पुतळ्यासारखा हात पुढे करून उभा होता. एवढा वेळ हा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला.

ते परत गेले आणि पाहुण्यांना बाहेर झाडाखाली बसवून आले. बाळ-बाळंतीण विश्रांती घेताहेत असं त्यांनी सांगितलं. हे खोटं होतं, पण बाळंतिणीच्या बाबतीत लोक फार खोलात शिरत नाहीत.

तेवढ्यात बाईंच्या खिशात दिवाभीताचा फोन थरथरला. पिंजऱ्यात जाताना तो फोन नेहमी बाहेर देऊन जात असे. पलीकडे त्याची बायको होती.

“हॅलो,” बाई कुजबुजल्या.

“कोण बोलतंय? आणि असं कानात का बोलताय?”

“मी डॉक्टर.”

“काय झालं यांना?”

“काही नाही, काकू. काका ठीक आहेत. ते… ते आत्ता झाड झालेत.”

 दिवाभीताबरोबर संसार केलेल्या बाईला या बातमीत नवल फारसं नव्हतं, काळजी होती.

“मग झाडाला वेळेवर खायला-प्यायला घाला. साखर आहे त्यांना. सकाळी औषध घेऊन गेलेत आणि डबा इथे ओट्यावर राहिलाय. खिशात लिमलेटची गोळी असते, मी ठेवते रोज. घाम फुटला किंवा हात कापायला लागला तर लगेच खायला सांगा. ते स्वतःहून नाही खायचे, त्यांना सगळ्यांचा संकोच.”

बाईंनी जाळीतून आत पाहिलं. तांबड्या उजेडात दिवाभीताचं कपाळ चमकत होतं.

“काका,” त्या जेमतेम ओठ हलवून म्हणाल्या, “खिशातली गोळी खा.”

दिवाभीताने मान हलवली नाही. पण त्याला ऐकू आलं होतं. गोळी शर्टाच्या डाव्या खिशात होती आणि डावा हात मोकळा होता. अडचण कागदाची होती. लिमलेटच्या गोळीचा कागद म्हणजे बायकोच्या तोंडासारखा, हात लावला की वाजणारा. आणि टकमक आत्ताच कुठे कोपऱ्यातून हातभर खाली सरकली होती. या घडीला कागद वाजवणं म्हणजे तिला परत छताला चिकटवणं.

घाम भुवईतून डोळ्यात उतरला. पुढे केलेला हात आधी बारीक, मग दिसेल असा कापायला लागला. अंगठ्यावरचं पिल्लू त्याच्याबरोबर हलत होतं. फांदी हलली तर वारा असतो. माणूस हलला की तो माणूसच असतो, हे टकमकला कळत होतं. ती थांबली. एक पाऊल मागे गेली.

“त्यांना बाहेर काढा,” साहेब म्हणाले. ते कुजबुजत होते, पण आवाज फाटला होता. “चक्कर येऊन पडतील आत.”

“दार उघडलं तर ती परत खाली येणार नाही.”

“पिल्लू जाईल ना? जाऊ दे. माणूस आहे तो.”

बाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांचा हात कडीवर होता. कडीला आवाज होता आणि दाराला बिजागरी होती. त्यांनी त्या हाताला आणखी एक क्षण थांबवलं, मग आणखी एक, आणि प्रत्येक क्षण त्यांना स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा लागत होता. शेवटी त्यांनी कडी वर उचलली.

आत दिवाभीताला बाजूची खोडं दोन-दोन दिसायला लागली होती. कानात शिट्टी वाजत होती. आपण आता पडणार, हे त्याला परक्याची बातमी कळावी तसं कळलं. पडलो तर हे खाली येईल आणि वर आपण. मग त्याने हिशेब सोडून दिला. टकमक गेली तर गेली, निदान याच्यावर पडायला नको. त्याने डाव्या हाताने खिसा चाचपला आणि गोळी काढली. एका हाताने कागद सुटत नव्हता. त्याने तो दातात धरून पिळला.

कागद चुरचुरला. त्या शांततेत तो आवाज वाळक्या पानावरून चालणाऱ्या मोठ्या नाकतोड्यासारखा होता.

टकमकचे दोन्ही कान एकदम त्याच्या तोंडाकडे वळले.

दिवाभीत थांबला. ती थांबली. त्याने पुन्हा कागद दातात घेऊन किंचित चुरगळला. तिची मान पुढे आली, मागचे पाय दुमडले गेले, आणि बाईंनी उचललेली कडी हवेतच धरून ठेवली.

उडी कोणालाच दिसली नाही. आधी ती वर होती, आणि मग ती दिवाभीताच्या छातीवर, शर्टाला चारही पायांनी चिकटलेली होती. तिचं तोंड त्याच्या हनुवटीशी होतं. तिने लिमलेटचा वास घेतला. हे काही खाण्यासारखं नव्हतं. तिने अपमान झाल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं, आणि परत जाण्यासाठी मान मागे, पार पाठीमागे फिरवली. त्या फिरवण्यात तिला हाताच्या टोकाला अंगठा दिसला.

मग ती हातावरून चालत गेली. दंड, कोपर, मनगट. हात कापत होता आणि ती त्या कापण्याबरोबर डोलत होती. अंगठ्यापाशी पोचून तिने पिल्लाला एकदा हुंगलं, एकदा चाटलं, आणि पोटाला तोंडात धरून ओढलं. पिल्लू अंगठा सोडेना. तिने परत ओढलं. मग ते सुटलं, आणि टकमक स्वतःच्या चतुर्थांश वजनाचं पिल्लू तोंडात घेऊन वर गेली. वरच्या फांदीवर ती अर्धवट पाठमोरी बसली. डावा डोळा मिटल्यासारखा होता. काचेचा मार असणार, त्याचं काय ते उद्या कळणार होतं. पोटाशी काहीतरी हललं आणि लागलं.

बोळात साहेबांनी मोज्यांवरच भिंतीला टेकून बसकण मारली. बाईंनी कडी अलगद खाली ठेवली, मग पुन्हा उचलली आणि आत गेल्या.

“घेतलं, काका.”

“घेतलं?” त्याच्या गालात गोळी होती आणि ओठाला कागद चिकटलेला होता. “मला कळलंच नाही. हातात काही लागेना तेव्हा वाटलं, पडलं.”

“तिने घेतलं. पितंय.”

दिवाभीताने वर पाहिलं नाही. त्याची त्या दिशेला बघण्याची तयारी दिसली नाही. “चला मग,” तो म्हणाला. “तिला बसू दे निवांत.”

हात मात्र खाली येईना. त्याने त्याला सांगून पाहिलं. हाताने मनावर घेतलं नाही. बाईंनी मनगटाला धरून खाली दाबून पाहिलं, तेव्हा तो दातांवर दात आवळून म्हणाला की राहू दे, येईल त्याचा तो. जाळीच्या अरुंद दारातून त्याला आडवं होऊन, एक खांदा आधी घालून बाहेर काढावं लागलं. बोळात साहेब घाईने उठले, काखेतले बूट दोन्ही हातांत घेतले आणि भिंतीला लागून त्याला वाट दिली.  

बाईंनी बाहेरचं दार उघडलं. समोर झाडाखाली देणगीदार आणि वर्तमानपत्रवाले कंटाळून बसले होते. रात्रघरातून एक घामाघूम माणूस बाहेर आला, डोळे मिचकावत पायरीवर उभा राहिला, आणि त्याचा हात सरळ पुढे होता. गप्पा थांबल्या. हा काहीतरी दाखवतोय असं वाटून सगळ्यांनी एकदम माना वळवल्या आणि तिकडे पाहिलं. एका माणसाने कॅमेराही उचलला.

तिकडे फक्त ऊन होतं.